गोवर्धनची धर्मशाळा आणि चाकांवरचं घर

महाराष्ट्रात सावरगावं किती आहेत हे मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. आमच्या गावाच्या नावाआधी निदान 'राणी' आहे, त्यामुळे चुकामूक जरा कमी होते. राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं, रेणुकामातेचं गाव. दुसरं एक सावरगाव नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. नाशिकहून तिकडे जाणाऱ्या रस्त्याचं नावच गंगापूर-सावरगाव रस्ता. आज हा रस्ता वाइनच्या शौकिनांना तोंडपाठ असतो, कारण सुला आणि यॉर्क या दोन्ही वायनरी त्याच रस्त्याला आहेत.

गंमत म्हणजे दोन्ही सावरगावांची नदी एकच. आमच्याकडे तिला गोदावरी फारसं कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, म्हणून तर गंगाखेड. वरच्या सावरगावाजवळ ती नुकतीच त्र्यंबकच्या डोंगरातून उतरलेली असते. आमच्या तालुक्यात पोचेपर्यंत तिने अर्धा महाराष्ट्र ओलांडलेला असतो.

गेल्या फेब्रुवारीत मी आणि बायको, दोघांनी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि नाशिकच्या वाइनच्या मुलखात चार दिवस काढले. गावाहून निघालो. गंगाखेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, येवला, विंचूर, निफाड करत नाशिक. साधारण चारशे-साडेचारशे किलोमीटर. पण हे प्रवासवर्णन नाही. कुठली वाइन कशाबरोबर प्यावी हे सांगणारे आंतरजालावर पायलीला पन्नास मिळतात. मला परत आल्यावर वेगळाच किडा चावला. हा 'वाइनचा मुलूख' बनला कसा? आणि तो वरच्या सावरगावी बनला, खालच्या सावरगावी का नाही? प्रॉडक्शनमध्ये काही झालं की आम्हाला रूट कॉज शोधायची खोड असते. तीच खोड इथे कामाला लावली.

माझी आधी अशी समजूत होती की महाराष्ट्रात वाइन म्हणजे फार तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा प्रकार. तर मंडळी, तसं नाही. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक व्यापाऱ्याने लिहिलेलं, आजच्या भाषेत सांगायचं तर समुद्री व्यापाराचं युजर मॅन्युअल. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय घ्यावं, कुठे खडक आहेत, सगळं रोखठोक. त्यात भडोच बंदरात बाहेरून येणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत वाइन आहे. इटलीची सगळ्यात पसंतीची, मग लाओदिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी आणखी भारीतली, वेगळी!

याच पुस्तकात पुढे पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, यांची नावं येतात. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक आणि तगरहून भरपूर जाडंभरडं कापड भडोचला जायचं. कशातून? तर गाड्यांमधून, आणि धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या मराठवाड्यातून चाकांच्या गाड्या माल घेऊन आठवडेच्या आठवडे चालत होत्या, आणि त्या ज्या बंदराला जात होत्या तिथे इटलीची वाइन उतरत होती. त्यातली काही वर दख्खनच्या पठारावरही पोचली. नेवाशाच्या उत्खननात रोमन अँफोरांचे, म्हणजे वाइन आणि तेल ठेवायच्या लांबट दोनकानी रांजणांचे, तुकडे सापडले आहेत.

आता या गाडीवाल्यांनी रात्री मुक्काम कुठे केला असेल? याचंही थोडंसं उत्तर दगडावर लिहिलेलं आहे, आणि ते नाशिकमध्येच आहे. पांडवलेण्यांपैकी दहावं लेणं. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात, त्याने हे कोरवलं. (पेरिप्लसमध्ये त्या भागाच्या राजाचं जे नाव येतं ते नहपानाचंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.) व्हरांड्यातल्या ब्राह्मी शिलालेखात या जावईबापूंच्या दानधर्माची यादी आहे. त्यात नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचं आहे, विहिरी आणि तळी आहेत, आणि भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे सोपारा, या चार ठिकाणी चौसोपी धर्मशाळा बांधल्याचं आहे.

यातलं गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं, गंगापूरला लागून असलेलं गोवर्धन. सुला वायनरीचा पत्ता काय आहे माहीत आहे? गाव गोवर्धन, गंगापूर-सावरगाव रस्त्यालगत! आज जिथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या पार्किंगला जागा शोधत फिरतात, त्या गावात अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका जावयाने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मुक्कामाची जागा बांधली होती. प्रवासी काही उत्साहाच्या भरात निर्माण होत नाही. आधी कुणीतरी पाणी, होडी आणि डोक्यावर छप्पर यांची व्यवस्था लावलेली असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता द्राक्षं. इटलीची वाइन आली म्हणजे इथे द्राक्षं नव्हती असं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेत आला. तिथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि ती वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. दौलताबाद म्हणजे आमच्याच मराठवाड्यात, गोदावरीच्या खोऱ्यात. तेव्हा 'मराठवाड्याची जमीन द्राक्षाची नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला इब्न बतूता दाखवावा.

त्याचं ते 'वर्षातून दोनदा' वाचून मला आधी वाटलं, प्रवासी माणूस, दिली असेल ठोकून. पण नाशिकला एका बागाईतदाराशी बोलताना कळलं की त्यात तथ्य आहे. युरोपात हिवाळ्याच्या थंडीत द्राक्षाची वेल झोपी जाते आणि वसंतात उठते, त्यामुळे पीक एकच. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल झोपतच नाही. तिला तिच्या मनासारखं वाढू दिलं तर ती दोनदा फळते, पण पावसाळ्यात येणारं फळ रोगाने आणि पावसाने हातचं जातं. म्हणून आपल्या शेतकऱ्याने दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नवीन काड्या आणि काडीतल्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी. मग ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून प्रत्यक्ष फळ. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. दोन छाटण्या, पीक एक. फ्रान्समधला वाइनवाला वर्षातून एकदा छाटतो, आपला दोनदा. मजुरी आणि देखभाल त्या प्रमाणात वाढते हे सांगायला नको. या छाटण्यांना, विरळणीला मजुरांच्या टोळ्या येतात, त्यात पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी जोडप्यांचा मोठा भाग असतो. चवदालनात काचेतून बाग दिसते तेव्हा तो हिरवा आखीवरेखीवपणा त्यांच्या हातचा असतो.

म्हणजे माती दोन्हीकडे, वेल दोन्हीकडे, नदी तर एकच. मग फरक कशाने पडला? माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टींनी: धरण, कायदा आणि बाजाराचा रस्ता.

आधी धरण. १९४८ पर्यंत गोदावरीच्या या खोऱ्यातून एक सरहद्द गेली होती. नाशिक आणि नगर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, तर औरंगाबाद आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दुष्काळाला कंटाळून ब्रिटिशांनी वरच्या अंगाला बांधबंदिस्तीची कामं काढली. नांदूर मधमेश्वरला बंधारा झाला, १९१६ मध्ये दारणा धरण झालं, कालवे निघाले. स्वातंत्र्यानंतर गंगापूर धरणाची त्यात भर पडली. १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली, तिथून नाशिकच्या द्राक्षाची आधुनिक गोष्ट सुरू झाली असं मानतात. १९६० मध्ये द्राक्ष बागाईतदारांचा राज्य संघ उभा राहिला, पुढे थॉमसन सीडलेस आलं आणि बिनबियांच्या द्राक्षाने निफाड-दिंडोरीचं रूप पालटलं. आमच्याकडे गोदावरीवर मोठं धरण यायला १९७६ उजाडलं. पैठणचं जायकवाडी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. दारणा आणि जायकवाडी यांच्यात साठ वर्षांचं अंतर आहे. साठ वर्षं म्हणजे शेतकऱ्याच्या तीन पिढ्या. त्यातही जायकवाडीचं पाणी कालव्याने मिळतं ते सखल भागाला, आमच्यासारख्या डोंगरपट्ट्याने आभाळाकडेच बघायचं.

दुसरा कायदा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. तो अजून आहे, फक्त नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलंय, आणि कागदोपत्री बघायला गेलं तर आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. असल्या राज्यात वाइन बनवायची म्हणजे उलट्या प्रवाहात पोहणं. तरी १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला 'इंडाज' उभी केली आणि फेसाळणारी 'ओमर खय्याम' परदेशात नेऊन विकली. १९९० च्या दशकात राजीव सामंत अमेरिकेहून परतले. स्टॅनफर्डला शिकलेले, ओरॅकलमध्ये नोकरी केलेले. (आयटीतल्या मंडळींनी इथे कॉलर ताठ करावी. नोकरी सोडायचा विचार मात्र सोमवारपर्यंत थांबवावा.) गंगापूरजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँ लावली, कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्कींना मदतीला घेतलं, आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून नाव ठेवलं सुला. पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली.

आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण काढलं. राज्यात बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क. एका जीआरने चित्र बदललं. काही वर्षांत वायनरींची संख्या भराभर वाढली. २००५ मध्ये सुलाने वायनरीत चवदालन उघडलं आणि वाइन ही फक्त विकत घ्यायची नव्हे, तर जाऊन बघायची गोष्ट झाली. मग २००८-०९ ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला, दोन्ही लागोपाठ. हॉटेलं ओस पडली. इंडाज कर्जाखाली कोसळली, कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून परत खायची द्राक्षं लावली. त्यानंतर 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं, सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला होता, पण त्यावर एवढा गदारोळ झाला की तो अंमलात आलाच नाही. प्रमाणाचं भान मात्र ठेवायला हवं. नाशिकची बहुतेक द्राक्षं आजही खायला, निर्यातीला आणि बेदाण्याला जातात. वाइनचा वाटा त्यात किरकोळ आहे, बोलबाला जास्त.

तिसरा रस्ता, म्हणजे गिऱ्हाईक. याबाबतीत नापाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये ओकव्हिलला वायनरी काढली ती पाहुणे येणार हे गृहीत धरूनच. १९६८ मध्ये तिथल्या काउंटीने शेतजमीन बिल्डरांपासून राखण्यासाठी खास नियम केला. १९७६ मध्ये पॅरिसच्या प्रसिद्ध चाचणीत नापाच्या वाइनने फ्रेंचांना मागे टाकलं आणि सान फ्रान्सिस्कोचे लोक गाड्या काढून निघाले. नाशिकला मुंबई आणि पुणे आहे, चार-पाच तासांच्या अंतरावर. दौलताबादेला इब्न बतूता आला होता खरा, पण तो दर वीकेंडला येत नव्हता :)

आता चाकांवरच्या घराकडे वळू. मौजेसाठी बनवलेलं असं पहिलं घर म्हणून १८८५ च्या 'वाँडरर'चं नाव घेतात. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातले निवृत्त डॉक्टर. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून लाकडी गाडी बनवून घेतली, दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडहून थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला गेले. गाडीत झोपायची सोय, पुस्तकं, स्वयंपाकाची व्यवस्था. बरोबर एक गाडीवान आणि एक नोकर, नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन रस्ता मोकळा करणारा. म्हणजे 'एकट्याने भटकंती' ही तेव्हापासूनच तिघांची असते. पण गाडीत राहणं ही स्टेबल्ससाहेबांची कल्पना नव्हे. जिप्सी कुटुंबं आधीपासून तशा गाड्यांत राहतच होती. त्यांना घर नव्हतं म्हणून, आणि पोलीस त्यांना एका जागी टिकू देत नव्हते म्हणून. स्टेबल्सनी तीच गाडी घेतली, तिला रोगण लावलं आणि तिची सुट्टी झाली.

पुढे फोक्सवॅगनची कॅम्पर आली, अमेरिकेत बसएवढाल्या आरव्ही आल्या. फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांत अशा गाड्यांना रात्रीपुरती जागा देण्याची पद्धत पडली, आणि अमेरिकेत २००९ मध्ये 'हार्वेस्ट होस्ट्स'ने तेच सुरू केलं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. कॅराव्हॅनला मान्यता, कॅराव्हॅन पार्कला उत्तेजन, पार्कमध्ये पाणी, वीज, स्वच्छतागृह हवं वगैरे.

आमची गाडी चालकासकट होती. बायको आधी जरा खट्टू झाली, "दोघांची ट्रिप म्हणतोस आणि तिसरा कशाला?" पण वाइनच्या मुलखात तिसरा असणं हीच मोठी सोय. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि चवदालनात चार-पाच वाइन 'नुसत्या चाखल्या' की माणूस त्या आकड्यापासून लांब राहत नाही. चालकदादांचा मुक्काम जवळच्या ओळखीच्या घरी. आम्ही गंगापूर धरणाजवळ एका शेतकऱ्याच्या आवारात व्हॅन लावून राहिलो. उलगडणारा पलंग, चिमुकला फ्रिज, एक शेगडी आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी. सुखाची व्याख्या त्या चार दिवसांत टाकीच्या काट्याशी जोडली गेली. भांडी घासायची की आंघोळ करायची यावर नवरा-बायकोत जी चर्चा होते तिला तोड नाही. आणि हे सगळं धरणापासून हाकेच्या अंतरावर!

गावी परत आल्यावर फोनवर फोटो दाखवले. माझे चुलते, त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, चष्मा लावून एकेक फोटो निरखत होते. म्हणाले, "झोपायला फळी, इकडं चूल, पान्याची टाकी... म्हंजे कोपीच की रे ही! चाकं लावलेली कोपी."

ज्यांना कोपी माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीला गेलेली माणसं फडाजवळ पाचट, बांबू आणि ताडपत्रीची जी झोपडी उभी करतात ती कोपी. तात्या आणि काकू लग्नानंतर नऊ हंगाम उसाला गेले होते, प्रवरेच्या पट्ट्यात. बीड आणि परभणीच्या डोंगरपट्ट्यातून दर दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो नाही म्हटलं तरी घरंच्या घरं रिकामी होतात, गावात म्हातारी आणि पोरं उरतात. आणि जाण्याचं माप असतं जोडपं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीत टाकते. या जोडीला 'कोयता' म्हणतात, एकटा असला तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. दोघांपैकी कुणीही आजारी पडलं तर 'खाडा' म्हणून पैसे कापतात. कोयता पुरा व्हावा म्हणून पोरापोरींची लग्नं वेळेआधी उरकली जातात. बैल असलेले गाडीवान कारखान्याची टायरगाडी ओढतात, आणि त्यांचं सहा महिन्यांचं घरदार म्हणजे ती गाडी आणि ती कोपी.

काकू हसत म्हणाली, "आमचंबी पयलं फिरनं तेच. दिवाळीच्या आधी लगीन झालं, आन् दिवाळी झाली की गाडीत बसलाव."

जोडप्याने चाकांवर संसार घेऊन फिरणं आमच्या गावाला कॅराव्हॅन धोरणाने शिकवलेलं नाही. आणि हा ऊस कुठला? वरच्या अंगाच्या धरणांनी ज्या पट्ट्याला पाणी दिलं, तिथलाच. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला, मागोमाग कारखान्यांची रांग लागली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडून जाणाऱ्यांचा लोंढा वाढला. नदीचं पाणी वर अडलं, तेव्हा खालची माणसं पाण्याच्या मागे वर गेली. त्याच पाण्यावर, तिथून थोडं आणखी वर, द्राक्षाचे मांडव उभे राहिले. यात द्राक्षवाल्याचा दोष नाही. तो ठिबकवर बाग जगवतो आणि गारपिटीच्या एका रात्रीत सगळं गमावतोही. पण ज्या व्यवस्थेने एका सावरगावाला सहल दिली, तिनेच दुसऱ्याला स्थलांतर दिलं, एवढं तरी मान्य करायला हवं.

ही केवळ जुनी गोष्ट असती तर इतकं लिहिलं नसतं. २००५ मध्ये राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्यांनी टंचाईत पाणी वाटून घ्यावं असं तत्त्व आहे. त्यावरून २०१४ मध्ये प्राधिकरणाने सूत्र ठरवून दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला, आणि नेहमीप्रमाणे वर आंदोलनं, खाली आंदोलनं, मध्ये कोर्ट. आता तारीख बघा. ऑक्टोबरमध्ये नाशिकला गोडी छाटणी होते आणि बागेला पाण्याची खरी गरज लागते. ऑक्टोबरमध्येच जायकवाडीचा साठा मोजतात. आणि त्याच सुमाराला आमच्याकडे मुकादमाचा ट्रक येऊन उभा राहतो.

२०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आलं, त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. चांगली योजना आहे, पोरं गावात राहून शिकली तरच पुढची पिढी अर्धा कोयता होणार नाही. पण फडावर गेलेल्या त्यांच्या आईबापांना काय हवं? पाण्याचा नळ, दिवा, स्वच्छतागृह आणि गाडी लावायला सपाट जागा. कॅराव्हॅन पार्कसाठी ज्या गोष्टी आपण अत्यावश्यक म्हणून लिहून ठेवल्या, त्याच. ही यादी सरकारला ठाऊक आहे, टाइप करून तयार आहे. फक्त कुठल्या गाडीवाल्याला लागू करायची एवढाच प्रश्न आहे. उषवदाताने गोवर्धनला धर्मशाळा बांधली तेव्हा आत येणारा अकीक विकायला निघालाय, तीर्थाला निघालाय की नुसता हिंडतोय, असं विचारल्याचं त्याच्या लेखात तरी नाही.

असो. तुम्ही दोघं जाणार असाल तर जरूर जा, मजा येते. जानेवारी ते मार्च उत्तम, तोडणी चालू असते. विंचूरवरून जा, लासलगावचा कांदा आणि निफाडची थंडी दोन्ही वाटेत भेटतात. नाशिकला पोचल्यावर चवदालनाच्या आधी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा, उलट क्रमाने जमणार नाही. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात भिंतीवर ती अक्षरं अजून शाबूत आहेत.

येत्या फेब्रुवारीत मोठी व्हॅन घ्यायचा विचार आहे, चौघांची. काकूला त्र्यंबक करायचंय. तात्यांना वाइनमध्ये काडीचा रस नाही, पण काडी कुठे कापतात ते मात्र त्यांना बागेत उभं राहून बघायचंय.